सव्वा लाखाचा ताळा

सव्वा लाख हा आकडा दिसायला साधा आहे. एक, दोन, पाच आणि पुढं तीन पूज्यं. पण त्याला जरा हात लावून बघा. पन्नासाला पन्नासानं गुणा, आलं त्याला परत पन्नासानं गुणा, बरोबर सव्वा लाख. म्हणजे पन्नास बायका, पन्नास दिवस, रोज पन्नास पानं. एक जास्त नाही की एक कमी नाही. त्याला दोनानं भाग जातो, पाचानं जातो, आणि दोना-पाचाच्या गुणाकारातून निघणाऱ्या कितीतरी आकड्यांनी जातो. चार, आठ, पंचवीस, चाळीस, सव्वाशे, सव्वा सहाशे. एक आणि तो स्वतः धरून असे अठ्ठावीस आकडे मी काढलेत, आणि ते सहज म्हणून, गहू निवडता निवडता. पण तीनानं भाग जात नाही. दोन उरतात. सातानं एक उरतो. नवानं आठ उरतात.

आम्ही महादेवाची माणसं. बेलाच्या पानाला तीन दळं, कपाळाला भस्माची बोटं तीन, आणि देवाला वाहायचा मोठा आकडा असा की त्याचं तीनाशी जमतच नाही. याचं मला पूर्वी हसू यायचं.

मी शिकलेली बाई नाही हे आधीच सांगते. बिलोलीला चौथीपर्यंत शाळा झाली आणि मग दुकानात बसायला लागले. वडिलांचं किराणा दुकान. पुडे बांधायला रद्दीची पुस्तकं यायची, त्यात गणिताचं पान निघालं की मी ते गल्ल्याखाली दडवायची. ताळ्याची रीत मला अशाच एका पानावर सापडली, तीही अर्धी. पुढचं पान कुणाच्या तरी घरी साखर घेऊन गेलं होतं. उरलेली अर्धी मी माझी मीच जुळवली. दोन वर्षं लागली, पण जुळली.

ताळा म्हणजे फार काही नाही. आकड्यातले सगळे अंक मिळवायचे. दोन अंकी आलं तर परत मिळवायचे. शेवटी एकच अंक हातात राहतो. नवानं भाग जाणारा आकडा कितीही लांबलचक असू द्या, शेवटी नऊच राहतात. बेरीज-गुणाकार चुकला की बहुतेक वेळा ताळा जमत नाही आणि चूक पकडली जाते. मी लग्न होऊन लातूरला आले तेव्हा माहेरून भांडी थोडी आणली आणि हा ताळा आणला. एसटीच्या पाटीवरचा नंबर असो की गॅसच्या टाकीवरचा, माझे ओठ हलतातच. सासरे म्हणायचे, सूनबाई सारखी जप करून राहिली, लई देवभोळी आहे. मी कधी खुलासा केला नाही.

आता धाकटीचं सांगते. धाकटी म्हणजे माझी जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही गेले. पोरं आपापल्या कामाला लांब. लातूरच्या घरात आम्ही दोघीच राहतो, मी बाहत्तरची आणि ती पासष्टची. तिचं माहेर शिरूर अनंतपाळ. ती मला अक्का म्हणते आणि अहो-जाहो करते, मी तिला नुसतं बाई म्हणते.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी ती न्हाणीतून बाहेर आली, माझा हात धरला आणि आपल्या काखेखाली नेऊन ठेवला.

"अक्का, हितं बघा. काय लागतंय?"

उजव्या छातीच्या कडेला हरभऱ्याच्या घाट्याएवढं काहीतरी होतं. घट्ट. बोटानं सरकवून बघितलं, सरकलं नाही.

"दुखतंय का?"

"न्हाई ना. दुखलं असतं तर शेकून घेतलं असतं, तुम्हाला कशाला दावलं असतं."

मी म्हटलं, उद्याच दवाखान्यात जाऊ. ती न्हाई म्हणाली. तिच्या आईला अशीच गाठ होती. उदगीरला नेलं, डॉक्टरनं सुई घालून बघितलं आणि चौथ्या महिन्यात ती गेली. सुई लागली की गाठ चवताळते, हे तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलेलं. मी सांगितलं, अगं सुईनं नाही, उशिरा नेलं म्हणून गेली असेल. तिनं ऐकून घेतलं. धाकटी सगळ्यांचं ऐकून घेते, मान हलवते आणि आपलंच करते. चाळीस वर्षं मी हे बघते आहे.

त्याच्या अकराव्या दिवशी, कार्तिकातल्या सोमवारी, ती देवापुढून उठली आणि म्हणाली, "मी लाखोली बोलले."

लाखोली म्हणजे देवाला पानं नाहीतर फुलं लाखाच्या हिशेबात वाहायची. एकेक करून, मोजून.

"किती?"

"सव्वा लाख बेल. पुरी झाली की दवाखाना. तवर सुई न्हाई. आन पोरायला सांगायचं न्हाई, तुम्हाला माझी शप्पथ हाय."

"अगं, हजारात भागवायचं होतंस. महादेव काय मोजत बसतो का?"

"हजार तर दोन दिसात सरले असते, अक्का."

हे ती हसून बोलली. मीही हसले. तिच्या बोलण्यातलं खरं मला माघ महिना येईपर्यंत कळलं नाही.

त्याच दुपारी मी वही काढली. तिच्या रुद्राक्षाच्या माळेत एकशे आठ मणी. एक पान वाहिलं की एक मणी सरकवायचा, म्हणजे एक माळ एकशे आठ पानांची. रोज पाच माळा करीन म्हणाली, म्हणजे पाचशे चाळीस पानं. मी भागाकार मांडला. सव्वा लाखात अकराशे सत्तावन्न माळा बसतात आणि वर चव्वेचाळीस पानं उरतात. दिवस दोनशे बत्तीस.

"चव्वेचाळीस कशी काय उरली?" तिनं विचारलं.

"उरतातच. या दोघांचं जमत नाही."

"मग ती चव्वेचाळीस मी शेवटी बिनमाळेची वाहीन."

मी म्हटलं, गल्लीतल्या पन्नास बायका गोळा करू, पन्नास दिवसात काम होईल, आकडाच तसा आहे. तर म्हणाली, "बायका आल्या की कशापायी ते सांगावं लागतं. आन हात माझाच पायजे."

तर असं सुरू झालं. बेलाचं झाड आमच्याच परसात आहे. सोमवारी तोडायचं नाही, अमावास्येला नाही, चतुर्थीला नाही, म्हणून आदल्या दिवशी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. मी पानं धुवायची, किडकं, भोकाचं, दळ तुटलेलं बाजूला काढायची. ती वाहायची. माळ झाली की "एक" म्हणायची आणि मी वहीत रेघ ओढायची. दिवस संपला की किती माळा, किती पानं, एकूण किती, असं ओळीनं लिहायची.

खरं लिहायचं तर पहिले दोन महिने मला फार बरं वाटलं. इतका मोठा आकडा रोज माझ्या हाताखालून जात होता. आकडा वाढताना बघायचं एक सुख असतं, ते ज्याला आहे त्यालाच कळतं. मी धाकटीला ताळा शिकवला. एकशे आठचा ताळा नऊ, म्हणून माळा कितीही होऊ द्या, एकूण पानांचा ताळा नऊच यायला पाहिजे. तिला हे फार आवडलं. मोठा आकडा तिला वाचता यायचा नाही, पण रोज संध्याकाळी दिवा लावला की ती वही पुढं ओढायची आणि बोटावर अंक मिळवायची. "नऊ. जमलं, अक्का." मग जेवायला बसायची.

आणि त्या दोन महिन्यांत मी तिच्या काखेला एकदाही हात लावून बघितला नाही. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आम्ही दोघी आकड्यात होतो.

एकाहत्तराव्या दिवशी तिनं चार माळा केल्या.

म्हणाली, झाडाला पानच न्हाई. खरं होतं, पानगळ लागली होती. मी म्हटलं, बेल शिळा होत नाही, कालचीच धुऊन वाहिली तरी चालतात. ती बरं म्हणाली. धुतलेली पानं टोपलीभर समोर ठेवली. तरी दुसऱ्या दिवशी चारच. तिसऱ्या दिवशी चार. सोळा दिवस चार चार लिहिले आणि सत्त्याऐंशीव्या दिवशी तीन.

तेव्हा मी तिच्याकडं नीट बघायला लागले. पानं ती डाव्या हातानं उचलत होती. धुणं वरच्या तारेवर टाकायचं तिनं सोडलं होतं, खालच्या कठड्यावर पसरायची. वेणी घालताना मान खाली करून हाताजवळ डोकं न्यायची. विचारलं तर म्हणायची, थंडीनं खांदा धरला.

मग एका दिवशी मी वेगळा हिशेब मांडला. अठ्ठ्याण्णव दिवस झाले होते, साडेचारशे माळा, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार सहाशे पानं. राहिल्या सातशे सात माळा. रोजच्या तीननं आणखी दोनशे छत्तीस दिवस. सुरुवातीला सगळे मिळून दोनशे बत्तीस दिवस होते, आणि आता शंभर दिवस घालवून त्याहून जास्त बाकी होते. ती जितकी थकेल तितका आकडा मागं मागं सरकणार होता. उद्या दोन माळा झाल्या की अजून लांब.

हजार दोन दिसात सरले असते. तिनं सांगितलंच होतं मला. तिनं आकडा देवासाठी निवडला नव्हता, मोठा म्हणून निवडला होता.

तुम्ही म्हणाल, पोरांना फोन करायचा. मीही रोज म्हणायचे. फोन हातात घ्यायची, नाव काढायची आणि ठेवून द्यायची. तिची शपथ होती. ती शपथ मला खरंच मोठी वाटत होती की नुसतीच पोराचा आवाज ऐकून सांगायचं कसं याची भीती होती, हे आज विचारलंत तर मला सांगता येणार नाही.

महाशिवरात्र दोन दिवसांवर आली होती. वहीचं पान संपलं होतं. तळाशी एकूण ४८,६०० लिहिलेलं. पान उलटून तोच आकडा वर लिहायचा आणि पुढं चालायचं. मी पान उलटलं आणि चार-आठाची जागा बदलली. ८४,६००.

अंकांची अदलाबदल केली तर ताळा बदलत नाही. अंक तेच, बेरीज तीच. नवाचा ताळा या एका बाबतीत आंधळा आहे, आणि मी हे धाकटीला शिकवलं नव्हतं. छत्तीस हजार पानं मी एका रेघेत वाहून टाकली. तिच्या चालीनं पावणेचार महिने वाचले.

संध्याकाळी तिनं वही ओढली. बोटावर मोजत म्हणाली, "आठ आन चार बारा. बारा आन सहा अठरा. एक आन आठ नऊ." मग म्हणाली, "आज लवकर वाढलं वाटतंय."

"तुझा हात चालतोय, बाई."

तिनं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. तो मांडीवर उपडा ठेवलेला होता. "हाव," म्हणाली, "चालतोय की."

त्यानंतर वीस दिवस तीन माळा. मग दोन.

चैत्रात झाडाला नवी पालवी फुटली, कोवळी, तांबूस. टोपलीत पानांचा ढीग, आणि माळा दोन. एकदा ती चोळी बदलत होती आणि मी अचानक आत गेले. तिनं पदर ओढला, पण मला दिसायचं ते दिसलं. गाठीच्या जागेवर कातडी आत ओढली गेली होती, आणि भोवती संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. मी भांडं घ्यायला आले असं दाखवून भांडं घेतलं आणि बाहेर आले. ते भांडं कशाला घेतलं ते मला दिवसभर आठवलं नाही.

मग तो दिवस आला, एकशे पंचावन्नावा. दुपारची वेळ, पंखा गरम हवा फिरवत होता. तिनं दुसरी माळ पुरी केली, भिंतीला टेकून बसली आणि विचारलं, "अक्का, किती राह्यलं?"

वहीत नव्याण्णव हजार बाहत्तर होतं. मला तोंडी हिशेबाची फार हौस. वजाबाकी केली, एकशे आठनं भागलं, आणि शाबासकी मिळावी अशा आवाजात सांगितलं, "दोनशे चाळीस माळा राहिल्या. आणि वर आठ पानं."

"आठ?"

"आठ."

तिनं माळ परत हातात घेतली. मग म्हणाली, "चव्वेचाळीस व्हती ना?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं. माळ पुरीच वाहायची म्हटलं तर शेवटी उरणारी पानं बदलूच शकत नाहीत. पहिल्या दिवशी मोजा, शंभराव्या दिवशी मोजा, चव्वेचाळीसच. पण मी घुसडलेल्या छत्तीस हजारांत पुऱ्या माळा बसत नाहीत, वर छत्तीस पानं राहतात. चव्वेचाळीसातून तीच छत्तीस गेली होती. नवाचा ताळा चुकवला, पण एकशे आठचा चुकवायचा हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि माझ्या तोंडानंच मी ते सांगून बसले.

"माझं चुकलं असेल," मी म्हटलं. "परत बघते."

"तुमचं चुकत न्हाई, अक्का. कुठं बदललं ते दावा."

मी पान उलटून दाखवलं. चार-आठ आणि आठ-चार. तिनं दोन्हीवर बोट ठेवलं.

"ताळा तर जमला व्हता."

"ताळ्याला हे कळत नाही."

"हे मला न्हाई शिकवलं तुम्ही."

"नाही."

"खरं किती झालं?"

"त्रेसष्ट हजार बाहत्तर."

"म्हंजे अर्धंच."

"अर्ध्याच्या थोडं वर."

"थोडं वर," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "महादेवाला फसवायचं व्हतं का मला?"

"तुला."

"बरं झालं. त्येला फसवलं असतं तर मी तुमच्यापायी त्येच्या पाया पडत बसले असते." ती जराशी हसली आणि लगेच गंभीर झाली. "पण मोडली लाखोली. मोजणीत खोट आली म्हंजे मोडली. आता पहिल्यापासून."

तिला लवकर दवाखान्यात न्यावं म्हणून मी खोटं लिहिलं, आणि त्या खोट्यानं तिला परत एकवर नेऊन ठेवलं.

"पहिल्यापासून किती दिस लागतील?" तिनं विचारलं. "दोन माळांनी."

डोकं माझं ऐकत नाही, ते मोजतंच. अकराशे सत्तावन्नाचे निम्मे आणि वरची चव्वेचाळीस. पाचशे एकोणऐंशी दिवस. दीड वर्षाच्या वर. ते माझ्या तोंडातून निघेना. मी वही उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

"मी नाही सांगत. तूच बघ. एकूणाचा रकाना सोड, त्यात मी घाण केली आहे. हा बघ, माळांचा. यात मी काही बदललेलं नाही."

मोठा आकडा तिला वाचता येत नाही, पण एक ते नऊ येतात. तिनं पहिलं पान काढलं आणि बोट वरून खाली न्यायला लागली. पाच, पाच, पाच. पान उलटलं. पाच, पाच. मग चार. बोट थोडं हळू झालं. चार, चार, चार. तीन. ती एकेक अंक ओठात म्हणत होती. मला वाटलं थांबवावं, पण मी बसून राहिले. पंख्यानं पान उडायचं, ती तळव्यानं दाबायची, डाव्या तळव्यानं. दोन, दोन, दोन. शेवटच्या दोनावर बोट आलं आणि तिथंच राहिलं.

"हे आजचं."

"हं."

"दोनाच्या खाली एक येतो, अक्का."

"हो."

"आन त्याच्या खाली?"

मी तिचा हात धरला. ती हात काढून घेत नव्हती आणि बोटही उचलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात गेली नाही. पातळ बदललं, पिशवीत दोन जोड कपडे भरले. मी चहा ठेवत होते. "लातुरात नको," म्हणाली. "हितं दवाखान्याच्या दारात सगळं गाव भेटतंय. नांदेडला चला तुमच्या लेकीकडं."

माझी लेक नांदेडला असते. तिला मी बसमधून फोन केला, शपथ त्याच वेळी मोडली. लेक आधी रागावली, मग तिनं डॉक्टरीणबाईंकडं दुसऱ्या दिवशीचा नंबर लावला. अहमदपूरपर्यंत धाकटी खिडकीतून बाहेर बघत होती. नंतर म्हणाली, "अक्का, बसचा नंबर बघितला का?" मी म्हटलं, नाही बघितला. "बघितला तुम्ही," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या नातीएवढ्या. त्यांनी धाकटीला बसवलं, कागद ओढला आणि विचारलं, "आजी, गाठ कधीपासून आहे?"

धाकटी म्हणाली, "आठ-पंधरा दिस झाले असतील. अक्कालाबी परवाच सांगितलं मी."

ती मला वाचवत होती. मी तिच्याशी खोटं वागले होते आणि ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, परक्या माणसापुढं, अगदी सहज. मी गप्प बसले असते तर चाललं असतं. डॉक्टरीणबाई लिहायलाही लागल्या होत्या.

"नाही," मी म्हटलं. "एकशे अडुसष्ट दिवस झाले."

त्यांनी वर बघितलं.

"लाखोलीला आज एकशे सत्तावन्न, आणि त्याच्या आधी अकरा. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बरोबर चोवीस आठवडे. वर काही उरत नाही."

त्यांनी लाखोली म्हणजे काय ते विचारलं नाही, लिहिलेलं खोडलं आणि नवीन लिहिलं. मग धाकटीला उजवा हात वर करायला सांगितला. तो खांद्यापर्यंत आला. काखेत बोटं घालून त्या बराच वेळ चाचपत राहिल्या, एका जागी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता, आणि मला वाटतं तो मुद्दाम तसा ठेवलेला होता.

"सुई आजच घेऊ," त्या म्हणाल्या. "उद्यावर नको."

सुईनं काय होतं आणि काय होत नाही, ते त्यांनी धाकटीला अर्धा तास समजावलं. मी चाळीस वर्षांत तिला कधी इतकं नीट समजावलं नसेल. ती मान हलवत होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "जाऊ का, अक्का?"

"जा."

रिपोर्ट गुरुवारी मिळणार आहे. आज मंगळवार. लेकीच्या घरी पुढच्या खोलीत बसून हे लिहिते आहे. लेक कामावर गेली. धाकटीला मी आराम कर म्हटलं, तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेली. आता भाकरी थापायला बसली आहे. काटवटीवरचा आवाज इथवर येतो. मी आकडे बंद करायचे ठरवले आहेत, पण कान माझ्या ताब्यात नाहीत. आठ थापट्या झाल्या आणि ती थांबली. मग सहा. बराच वेळ काहीच नाही. आता चार.